पिल्लांची मरळ

पहाटे ४.४५. कागलच्या गैबी चौकात अजून सामसूम. मामांच्या पिशवीत ओल्या मातीतली गांडुळं, माझ्याकडं रॉड आणि रबरी बेडूक. त्याचे गळ पाठीला चिकटून असतात, म्हणून तो लव्हाळ्यात अडकत नाही. मृग लागून आठवडा झालाय.

५.३०. सिद्धनेर्लीजवळ दूधगंगा. पावसाच्या तोंडावर बंधाऱ्याचे बरगे काढले, की अडलेलं पाणी उतरतं आणि काठचा चिखल उघडा पडतो. पाणी अजून निवळ आहे. पावसानं जोर धरला की तांबडं होईल आणि गळ घरात टांगायचे. मामा कळकाची काठी घेऊन खडकावर बसले. त्यांना चिलापी चालते, मला मरळ हवी.

६.१०. मरळ शोधायची ती बुडबुड्यावरून. तिला कल्ले आहेत, पण तेवढ्यावर भागत नाही; मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. म्हणून तर बाजारात ती पाटीत तासन्‌तास जिवंत राहते. लव्हाळ्याच्या कडेला "गुळुक" झालं. बेडूक चार हात पुढं टाकला, थांबवला, जरा हलवला. पाणी फुटलं, हिसका बसला. घाई केली आणि सुटली.

"दोन आकडं मोजून वड म्हटलं हुतं की," मामा म्हणाले. खरं होतं. तिनं बेडूक नीट तोंडात घेईपर्यंत दम धरावा लागतो.

७.२०. वळणावरच्या संथ पाण्यात शेंदरी ठिपक्यांचा पुंजका वर आला, थरथरला, बुडाला. पुन्हा आला. मरळीची पिल्लं! त्यांच्याखाली आईबाप असणारच. दोघंही राखण करतात. अशा वेळी पुंजक्यावर काहीही टाकलं तरी मरळ चवताळून धरते. भुकेनं नव्हे, पिल्लांवर आलं म्हणून.

एका मृगात मी असा बेडूक टाकला होता. दीड किलोची काढली. दुसरी मरळ कुठं दिसली नाही. पिशवी बांधून वळलो तर पुंजका तिथंच भिरभिरत होता आणि चिलापींनी त्यावर झडप घातली होती. चिलापी आपल्या देशात बाहेरून आणून सोडली ती १९५२ साली, मरळ इथलीच. अर्ध्या तासात पाणी मोकळं झालं. घरी रस्सा झाला. मी जेवलो नाही.

आज रॉड खाली ठेवला. मामाही काठी घेऊन उठले, पलीकडं गेले. एकदा त्या शेंदरी ठिपक्यांखालून काळी पाठ सरकली, हाताएवढी लांब. मी श्वास रोखून बसलो.

८.३०. पिशवीत मामांच्या सात चिलापी. काठावर एक पोरगा गळ घेऊन आला आणि विचारू लागला, "दादा, कुठं हायती?"

त्याला खालच्या अंगाचा खडक दाखवला. वळणाकडं बोट केलं नाही.