बासचे बटण पिळण्यापूर्वी...

मोटारीत कंपनीने बसवून दिलेल्या स्टिरिओचा आवाज पोकळ वाटतो, बास धड ऐकू येत नाही, अशी तक्रार सर्रास केली जाते. त्यावर बहुतेकांचा उपाय एकच असतो : बासचे बटण शेवटपर्यंत फिरवणे. मात्र, त्यामुळे आवाज सुधारण्याऐवजी स्पीकर खराब होण्याचीच शक्यता अधिक.

यामागचे गणित सोपे आहे. ध्वनीची पातळी ३ डेसिबलने वाढवण्यासाठी दुप्पट, तर १० डेसिबलने वाढवण्यासाठी दहापट विद्युतशक्ती लागते. १२ व्होल्टच्या यंत्रणेवर चालणारा नेहमीचा स्टिरिओ प्रत्येक स्पीकरला सलग २० वॉटच्या आसपासच शक्ती पुरवू शकतो. त्यावर छापलेला ५० वॉटचा आकडा क्षणिक कमाल क्षमतेचा असतो. मागणी मर्यादेपलीकडे गेली, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. याला 'क्लिपिंग' म्हणतात. आवाज फाटतो आणि स्पीकरमधील तारेचे वेटोळे तापून प्रसंगी जळते.

त्यामुळे सुरुवात शून्यापासून करावी. बास, मिड आणि ट्रेबल शून्यावर आणावेत. मोबाइलवरून गाणी ऐकत असल्यास त्यातील इक्वलायझर बंद ठेवून मोबाइलचा आवाज जवळपास पूर्ण ठेवावा. गाणे १२८ऐवजी ३२० केबीपीएस दर्जाचे असल्यास उत्तम. बॅलन्स मध्यभागी ठेवून फेडर किंचित पुढे सरकवावा. त्यानंतर परिचयाचे गाणे लावून बास एक-दोन अंशच वाढवावा. तरीही आवाज भरीव वाटला नाही, तर बास आणखी चढवण्याऐवजी मिड किंवा ट्रेबल थोडा उतरवावा. चाकांच्या घरघरीत खर्जातील स्वर बुडतात. म्हणून ही जुळणी एकदा धावत्या गाडीतही तपासावी. बटणे मात्र गाडी थांबवूनच फिरवावीत.

कमी आवाजात मानवी कानाला खर्जातील स्वर क्षीण ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिले. 'लाउडनेस'ची सोय त्यासाठीच असते. आवाज मोठा असताना ती बंद ठेवावी.

स्पीकर बदलल्यानंतर बास नाहीसा झाला असेल, तर तारा उलट जोडल्या गेल्याची शंका घ्यावी. बॅलन्स एका बाजूला नेल्यावर बास अधिक भरीव वाटत असेल, तर दोन स्पीकर परस्परांचा आवाज खोडत आहेत, असे समजावे. दरवाजाच्या कप्प्यातील बाटल्या, सुटी नाणी काढल्यास खडखडही थांबते.

दारातील लहान स्पीकरकडून खोल बासची अपेक्षा ठेवणे मात्र व्यर्थ आहे. त्यासाठी आसनाखाली बसणारा छोटा सबवूफर घ्यावा लागतो. तो बसवताना मूळ तारा कापू देऊ नयेत, कारण वॉरंटी नाकारली जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित आहे. शिवाय, मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येत नसेल, तर जुळणी कितीही उत्तम असली, तरी आवाज कमी करणेच इष्ट.