जिवाणू किती, यापेक्षा कोणते?

पावसाळा सुरू झाला की पेण-रोह्याकडे जुलाबाचे रुग्ण वाढतात. अशाच एका सकाळी खारेपाटातल्या एक आजी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन ओपीडीत आल्या. दोन दिवस पाण्यासारखे जुलाब. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, रडताना डोळ्यांत पाणी नाही. ‘‘आजी, घरी काय काय दिलंत?’’ असं विचारल्यावर त्यांनी पिशवीतून एक चकचकीत खोका काढला. आत ‘दहा प्रकारच्या जिवाणूंच्या’ पुड्या होत्या.

‘‘दुकानातून आणल्यात डॉक्टर. महाग आहेत. पोटातले चांगले जंतू वाढतात म्हणे.’’

‘‘आणि ओआरएस?’’

‘‘ते नाय दिलं. पाणी पाजलं की जुलाब वाढतात ना?’’

बाळाला आम्ही चमच्याचमच्याने ओआरएस पाजत राहिलो. संध्याकाळी ते आईकडे बिस्कीट मागू लागलं. आजींच्या मायेत काही कमी नव्हतं, पैसाही त्यांनी खर्च केला होता. फक्त तो चुकीच्या जागी गेला होता. असं हल्ली वारंवार दिसतं. ‘गट हेल्थ’ हा शब्द मोबाइलवरून गावोगाव पोहोचला आहे आणि खोक्यावर जितके जास्त जिवाणू तितकं औषध भारी, असा समज रुजतो आहे.

आतड्यांत जिवाणूंची मोठी वस्ती असते, हे खरंच आहे. एका माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे जवळपास आपल्या पेशींइतकेच. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणारा चोथा ते आंबवतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात, घातक जंतूंना जागा मिळू देत नाहीत. दही खाणारे बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी का, याचा विचार एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच मांडला होता. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं, ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी.

पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला सिद्ध झालेला फायदा देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. यातला ‘सिद्ध झालेला’ हा शब्द महत्त्वाचा, आणि सिद्धता ठरते ती जिवाणूच्या वाणावर.

वाण म्हणजे काय, हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. भात सगळाच भात. पण खाऱ्या जमिनीत कुठलंही बियाणं टाकून चालत नाही. तिथे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेले ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ असे क्षार सोसणारे वाणच लागतात. जिवाणूंचंही तसंच. ‘ई. कोलाय’ या एकाच जातीचा एक वाण औषध म्हणून वापरला जातो, तर दुसरा रक्ती जुलाब करून मूत्रपिंड निकामी करू शकतो. जात एक, गुण उलटे. म्हणून खोक्यावर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेलं पुरेसं नाही. आणि दहा वाण एकाच वाफ्यात पेरले म्हणून पीक दहापट येत नाही.

पुरावा काय सांगतो? अमेरिका आणि कॅनडात जुलाब-उलट्या झालेल्या लहान मुलांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही मिळून १८०० हून अधिक मुलं होती. एका चाचणीत एका वाणाचं, दुसऱ्या चाचणीत दोन वाणांचं औषध दिलं. खोट्या पुडीपेक्षा दोन्हींचा जास्त उपयोग दिसला नाही.

उलट बाजूही आहे. ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पारखून निवडलेला एकच वाण, सोबत त्या जिवाणूचं खाद्य, फक्त सात दिवस. जंतुदोष किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. वाण एकच होता, पण नेमका होता.

मिश्रणं नेहमीच निरुपयोगी, असंही नाही. मोठं आतडं काढून टाकलेल्या काही रुग्णांत, आतड्याच्या शिवलेल्या पिशवीला येणारी सूज रोखायला आठ वाणांचं एक मिश्रण उपयोगी पडतं. अँटिबायोटिकनंतर होणारे काही जुलाब टाळायलाही ठरावीक वाण कामी येतात. मात्र हे निर्णय डॉक्टरांनी घ्यायचे असतात.

‘फायदा नाही झाला तर तोटा तरी काय?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या गंभीर रुग्णांना सहा वाणांचं मिश्रण दिलं गेलं. २००८ मध्ये निकाल आला. मिश्रण घेतलेल्यांत १६ टक्के दगावले, न घेतलेल्यांत ६ टक्के. निरोगी माणसाला सहसा असा धोका नसतो. पण अपुऱ्या दिवसांचं बाळ, कॅन्सरची औषधं घेणारा रुग्ण, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असलेला किंवा अतिदक्षता विभागातला माणूस यांना असं औषध मनाने देऊ नये.

मोठ्यांच्या बाबतीत तोटा वेगळाच असतो. दोन-तीनशे रुपयांच्या पट्ट्या महिनोन्‌महिने घेत ‘पोट साफ होत नाही’ म्हणत राहणारा माणूस तपासणीला उशिरा येतो. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, पंडुरोग किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय असेल, तर आधी तपासणी करून घ्या.

मग पोटासाठी करायचं काय? ताक, दही, आंबोळी, नाचणीची आंबील हे आपलं जुनंच खाणं आहे. घरच्या दह्यात कोणते वाण किती, हे मोजलेलं नसतं, म्हणून त्याला औषध म्हणता येत नाही, पण अन्न म्हणून ते उत्तम. अमेरिकेत ३६ निरोगी प्रौढांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यांतली जिवाणूंची विविधता वाढलेली दिसली. सोबत वाल, चवळी, पालेभाजी असू द्या. जिवाणूंचं खाद्य चोथा हेच आहे.

डॉक्टरांनी प्रोबायोटिक लिहून दिलंच, तर खोक्यावर वाणाचं पूर्ण नाव, मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जिवाणूंची संख्या आणि साठवणुकीच्या सूचना आहेत का, ते पाहा. गरम दुधात किंवा चहात ते टाकू नका. उष्णतेने बरेच जिवाणू मरतात.

आणि लहान मुलाच्या जुलाबाला पहिलं औषध ओआरएसच. हे पाकीट आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतं. एक लिटरचं पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं आणि २४ तासांत संपवायचं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, घोटाघोटाने द्यायचं. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवायचं. बाळ मलूल झालं, काहीच पीत नसलं, सहा तासांत लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

शेवटी पाण्याबद्दल. पेणच्या खारेपाटात प्यायच्या पाण्यासाठी आजही टँकरची वाट पाहावी लागते. पाणी मिळेल तसं भरून, साठवून प्यावं लागतं, आणि त्यात जंतू शिरायला वेळ लागत नाही. ते पाणी उकळून, झाकून, ओगराळ्याने काढून प्यायलं, तर बऱ्याच पोरांचे जुलाब टळतील. पण गावाच्या पोटाची काळजी घ्यायची तर नळाला शुद्ध पाणी यायला हवं. ते कुठल्याच पुडीत मिळत नाही.

त्या आजी जाताना खोका परत पिशवीत ठेवत होत्या. ‘‘मग ह्या उरलेल्या पुड्यांचं काय करू?’’ त्यांनी विचारलं. मी त्यांच्या हातात ओआरएसची दोन पाकिटं ठेवली आणि म्हटलं, ‘‘आजी, पुढच्या वेळी आधी हे.’’