चाक आणि रस्ता (भाग ७) : खडूची रेघ

मागच्या भागात टायरच्या बाजूवर छापलेले आकडे कसे वाचायचे ते पाहिलं. त्यावर संगमनेरच्या एका तरुण वाचकाचा फोन आला. त्याच्याकडे सहा वर्षांची हॅचबॅक आहे. दोन ट्रॅक डे करून झालेत आणि आता त्याला मऊ रबराचे, रस्त्याला चिकटून बसणारे महागडे टायर घ्यायचेत. चार टायरची किंमत ऐकून घरच्यांनी कपाळाला हात लावला आहे. त्याने मला सरळ विचारलं, "काका, टायर बदलले तर फेरीमागे किती सेकंद कमी होतील?"

आपल्या भागातल्या माणसाला सेकंदाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. पारनेर-संगमनेरकडच्या शर्यतीच्या घाटात बैलगाड्याची बारी सुटली की हजारो डोळे घड्याळाच्या आकड्यावर खिळलेले असतात आणि सेकंदाच्या अंशावर नंबर ठरतो. ट्रॅक डेला मात्र नंबर नसतो. पैसे भरायचे, आपली रोजची गाडी बंद ट्रॅकवर न्यायची, हेल्मेट घालायचं आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळीत, सगळे एकाच दिशेने जात असताना, गाडी मनमोकळी चालवायची. स्पर्धा असते ती आपल्याच मागच्या फेरीशी.

नगरकरांना ट्रॅक हा शब्द नवा नाही. आपली व्हीआरडीई, म्हणजे संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, फाळणीच्या सुमारास चकलाल्याहून इथे आली. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमात गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची यादी आहे, तीत पुण्याच्या एआरएआयबरोबर आपल्या या संस्थेचंही नाव आहे. तिथल्या चाचणी-ट्रॅकवर आपल्याला अर्थातच जाता येत नाही. हौशी माणसाला तळेगावजवळच्या नाणोलीला जावं लागतं. नाहीतर मग कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा करी ट्रॅक, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, किंवा पार दिल्लीपलीकडे ग्रेटर नोएडाचा ५.१ किलोमीटरचा बुद्ध सर्किट. एवढं लांब जायचं आणि दिवसभरात जेमतेम तासभर गाडी चालवायला मिळायची, म्हटल्यावर पैसा टायरवर घालायचा की आणखी एका ट्रॅक डेवर, हा प्रश्न खरोखरच महत्त्वाचा होतो.

आधी टायरची बाजू मांडतो, आणि ती भक्कम आहे. गाडी कितीही मोठी असो, जमिनीला टेकलेला तिचा भाग म्हणजे चार तळहात. इंजिनची ताकद, ब्रेकची ओढ, स्टिअरिंगचा हुकूम, सगळं या चार तळहातांतूनच रस्त्यापर्यंत पोचतं. वळणात गाडी किती वेगाने जाऊ शकते हे दोनच गोष्टींवर ठरतं, टायरची पकड आणि वळणाची त्रिज्या. गाडीचं वजन या साध्या हिशोबातून चक्क कटून जातं. ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. चांगल्या रोजच्या टायरचा घर्षणांक ०.९ धरला तर कमाल वेग ताशी ७५-७६ किलोमीटर येतो. चिकट टायरने तो १.० केला तर जेमतेम ८०. वेग पकडीच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून दहा-अकरा टक्के जास्त पकड विकत घेतली तरी वेग पाचच टक्के वाढतो.

पण पाच टक्के म्हणजे थोडे नव्हेत. दोन मिनिटांच्या फेरीतले ऐंशी सेकंद वळणांत आणि ब्रेक दाबण्यात जात असतील, तर ढोबळ हिशोबाने साडेतीन-चार सेकंद वाचतात. एवढे सेकंद इंजिनमधून काढायचे तर टायरच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतील. त्यामुळे 'गाडीत एकच गोष्ट बदलायची तर टायर बदल' हा जुन्या मंडळींचा सल्ला खराच आहे. माझं त्याच्याशी भांडण नाही. मात्र त्या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की आत्ता गाडीला असलेल्या टायरची पूर्ण पकड चालक आधीच वापरतो आहे.

तिथेच गोची आहे. वर त्रिज्या म्हटलं ना, ती चालकाच्या हातात असते. कागद-पेन्सिल घेऊन बसा. दहा मीटर रुंदीचा ट्रॅक, काटकोनातलं वळण, आतल्या कडेची त्रिज्या २० मीटर, बाहेरच्या कडेची ३०. रस्त्याच्या मधोमध चालणारा २५ मीटर त्रिज्येच्या कमानीवरून जातो. ०.९च्या त्याच टायरवर त्याचा कमाल वेग ५३-५४. आता दुसरा चालक बाहेरच्या कडेने येतो, वळणाच्या पोटात आतल्या कडेला स्पर्श करतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला जाऊन मोकळा होतो. त्याच्या कमानीची त्रिज्या निघते ५४ मीटर, दुपटीहून जास्त. वेग ७८च्या घरात. गाडीची रुंदी आणि थोडं अंतर राखून खऱ्या ट्रॅकवर यातलं काही कमी होईल, पण मधोमध चालणाऱ्याला हा वेग टायरमधून मिळवायचा तर दुप्पट पकडीचा टायर लागेल. तसा टायर कुठल्याच दुकानात मिळत नाही.

(हा हिशोब ट्रॅकसाठी आहे, जिथे समोरून कुणी येत नाही. करंजी घाटात किंवा चंदनापुरीत रस्त्याची पूर्ण रुंदी वापरायला गेलात तर समोर उसाची ट्रॉली किंवा भरलेली एसटी असेल. तिथे आपली बाजू सोडायची नाही म्हणजे नाही. हे मी हात जोडून सांगतो.)

रेषा सापडली की काम झालं असंही नाही, कारण टायर ही स्वभावाने जरा विचित्र वस्तू आहे. चाक ज्या दिशेला तोंड करून असतं आणि गाडी प्रत्यक्षात जिकडे जाते, त्यात वळताना थोडा कोन पडतो. या कोनाशिवाय टायरला आडवी पकड येतच नाही. रोजच्या टायरची सर्वांत जास्त पकड हा कोन साधारण पाच ते आठ अंशांचा असताना मिळते. त्यापुढे गेलं की पकड उतरायला लागते. नवखा चालक इथे हमखास चुकतो. गाडी वळणाबाहेर सरकतेय असं दिसलं की तो घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवतो. चाक आणखी आडवं होतं, पकड आणखी कमी होते, गाडी आणखी बाहेर जाते. मुरलेला चालक अशा वेळी मनाविरुद्ध वाटणारी गोष्ट करतो, स्टिअरिंग किंचित सैल सोडतो. टायरला श्वास मिळतो आणि गाडी आत येते.

पहिल्या ट्रॅक डेला मीही हेच केलं. दुपारी प्रशिक्षक माझ्याच गाडीत, माझ्याच झिजत आलेल्या टायरवर, मला शेजारी बसवून तीन फेऱ्या मारून आला. घड्याळावरचा आकडा मी दोनदा पाहिला. पण आकड्यापेक्षा मनात राहिला तो आवाज. माझ्या हातात टायर प्रत्येक वळणात किंचाळत होते. त्याच्या हातात ते एका सुरात, हलकेच गुणगुणत होते. आणि तो मला सावकाश चालवतोय असं वाटत होतं. ब्रेक एकदाच आणि जोरात, मग पाय दाबला होता त्याहून हळू उचलायचा, तो उचलता उचलता गाडी वळवायची, हात एकदाच फिरायचे. ब्रेक लावला की भार पुढच्या चाकांवर येतो आणि वळायला तीच चाकं लागतात. पाय झटक्यात उचलला की तो भार नेमका हवा तेव्हाच निघून जातो. भाराचं आणखी एक गणित आहे. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे भार जितका इकडून तिकडे आदळेल, तितकी चारही टायरची मिळून पकड वाया जाते. हळुवार हातापायांचा चालक वेगवान का असतो, याचं उत्तर यात आहे.

चालकाचा हा वाटा टायरपासून वेगळा काढून पाहायचा असेल तर एकाच बनावटीच्या गाड्यांच्या चषक शर्यती पाहाव्यात. तिथे सगळ्यांना सारखी गाडी, सारखे टायर. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या अशा शर्यतींत धावलेला. अशा शर्यतीतही पहिला आणि शेवटचा यांच्यात अंतर पडतंच, आणि ते टायरच्या माथी मारायची सोय नसते. कोल्हापूरची मुलं या खेळात सहज दिसतात याचं कारण मला तरी शहरातला कार्टिंग ट्रॅक वाटतो. लहान वयात, छोट्या गाडीत, हजारो वळणं अंगात मुरतात. कृष्णराज महाडिक तिथूनच ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. नगरला असा ट्रॅक असता तर, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

आता टायरच्या दुसऱ्या बाजूकडे येतो, जिला पैसे जवळजवळ लागत नाहीत. हवा. सकाळी गार टायरमध्ये बत्तीसची हवा भरली आणि चार फेऱ्यांत आतली हवा ३० अंशांवरून ७० अंशांवर गेली, तर काटा ३८ दाखवतो. साधारण साडेसहा अंशांना एक पीएसआय. हवा वाढली की टायर मध्ये फुगतो, कडा उचलल्या जातात, तळहात लहान होतो. म्हणून पाळी संपल्या संपल्या, टायर गरम असतानाच हवा मोजून जास्तीची काढायची, आणि घरी निघण्यापूर्वी टायर गार झाल्यावर पुन्हा भरायची. हे विसरून महामार्गाला लागू नका. कमी हवेचा टायर महामार्गावर तापून फुटतो.

किती हवा काढायची हे खडू सांगतो. शाळेतला पांढरा खडू घ्या. टायरच्या कडेवर, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते, तिथे बोटभर लांबीची आडवी रेघ ओढा, नक्षीकडून भिंतीकडे जाणारी. बऱ्याच टायरवर नेमक्या याच जागी छोटा त्रिकोण कोरलेला असतो. फेऱ्या मारून या आणि खाली वाका. गरम रबराचा करपट वास येईल, कडेला रबराच्या बारीक सुरळ्या जमलेल्या दिसतील, आणि खडूची रेघ कुठपर्यंत पुसली गेली तेही दिसेल. त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसली असेल तर हवा ठीक. त्याच्या खाली भिंतीवरही पुसली असेल तर टायर वळणात लोळतोय, हवा कमी आहे. त्रिकोणाच्या बरीच वर शिल्लक असेल तर हवा जास्त आहे, किंवा चालक अजून टायरला त्रास द्यायलाच लागलेला नाही. आणि ज्या टायरची रेघ एका फेरीत इथे, दुसऱ्या फेरीत तिथे पुसली जाते, तो मालकाच्या हाताबद्दल बोलत असतो.

याच कारणाने संगमनेरच्या माझ्या मित्राला मी फोनवर सेकंदांचा आकडा दिला नाही. चाचणी करणाऱ्यांचा साधा नियम असतो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून तिचा वेग कसा उतरतो ते मोजतानाही तीच धाव दोन्ही दिशांनी घेतात, म्हणजे वारा आणि चढ हिशोबातून निघून जातात. त्याने त्याच्या फेऱ्यांचे आकडे मला वाचून दाखवले. एकाच पाळीत, त्याच टायरवर, सर्वांत जलद आणि सर्वांत संथ फेरीत साडेपाच सेकंदांचा फरक होता. नव्या टायरने चार सेकंद मिळाले तरी ते टायरचे की त्या दिवशी साधलेल्या हाताचे, हे त्याला कसं कळणार?

आणखी एक भीती आहे. रोजचा टायर मर्यादा जवळ आली की आधी कुरकुरतो, मग ओरडतो, मग हळूहळू सुटतो. अतिचिकट टायर बराच वेळ गप्प राहतो आणि सुटतो तेव्हा वेग जास्त असतो, सावरायला वेळ कमी असतो. ताशी शंभरला गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. शिकणाऱ्याला बोलका टायर हवा, असं माझं ठाम मत आहे. पण बोलका म्हणजे जुनाट नव्हे. बाजूवरचे चार आकडे बघा. १४१९ असेल तर २०१९च्या चौदाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी इतक्या वर्षांत रबर कडक होतं. असा टायर ट्रॅकवर नेऊ नका, भले तो स्टेपनी म्हणून डिकीत नुसता पडून राहिलेला असो.

पुढच्या आठवड्यात ब्रेक आणि ब्रेक ऑइल. तोपर्यंत संगमनेरच्या मित्रासाठी एवढंच काम. टायर तेच ठेव. एक वही, एक खडू, हवेचा एक चांगला काटा. प्रत्येक पाळीनंतर चारही टायरची गरम हवा, रेघ कुठवर पुसली ते, आणि प्रत्येक फेरीचे सेकंद लिहून काढ. ज्या दिवशी त्या पानावर सलग पाच फेऱ्या एका सेकंदाच्या आत बसतील, त्या दिवशी मला फोन कर. टायरच्या दुकानात मी तुझ्याबरोबर येईन, आणि घरच्यांशीही मीच बोलेन.