मालमोटारीची खोटी

ज्याच्या दारीं मालमोटार उभी, त्याच्या घरीं पैसा वाहत येतो, असा आमच्या शेतकरी बांधवांचा समज आहे. आणि केळीचा भाव पाडतांना व्यापारी भाड्याचें कारण पुढें करितो, तेव्हां तो समज अधिकच दृढ होतो. आम्ही दोन्ही पक्षांचे आहों. तापीकांठीं आमची थोडी जमीन आहे, आणि दीपनगर येथें पांच गाड्यांचा घरचा धंदाही आहे. आमच्यांत थोरले हिशेब पाहतात, धाकटे गाड्या पाहतात, आणि त्यांचा मुलगा एका गाडीवर स्वतः बसतो. सबब २०२५ सालचें आमचें खातें वाचकांपुढें मांडावें, असें योजिलें आहे.

पांचांपैकीं एक बल्कर व एक टिपर राखेवर चालतात. येथील औष्णिक वीजकेंद्रांत ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, आणि आपल्या देशी कोळशांतून शेंकडा ३० ते ४० भाग राखच निघते. ही सर्व राख उपयोगांत आणलीच पाहिजे, असा मध्यवर्ती सरकारचा ३१ डिसेंबर २०२१ चा दंडक आहे. त्यामुळें ती सिमेंटच्या कारखान्यांस, विटा पाडणारांस व रस्त्यांच्या भरावास जाते. केळीस हंगाम आहे, राखेस नाहीं, एवढें तिचें सुख. पण बल्कर जातांना भरलेला आणि येतांना रिकामा, हें ठरलेलेंच. त्यांत दुसरा माल घालतां येत नाहीं.

उरलेल्या तीन दहाचाकी गाड्या केळीं नेतात. हिशेबाची खरी मौज येथें आहे. रावेर-सावद्याहून दिल्ली सुमारें १,१०० किलोमीटर. भरली गाडी एका लिटरांत चार किलोमीटरांच्या आसपास चालते, म्हणजे नुसतें जातांनाच २७५ लिटर डिझेल. लिटरास ९० रुपये धरले तरी पंचवीस हजारांस थोडे कमी. त्यावर टोल, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता, टायरांची झीज आणि बँकेचा हप्ता. जाण्याच्या भाड्यांत एवढें कसेंबसें भागतें. नफा म्हणून जो कांहीं उरतो, तो परतीच्या मालांतून. आणि परतीचा माल वेळेवर पोंचणाऱ्यास मिळतो.

हा वेळ जातो कोठें, तें आमच्या वहींत दिसलें. शेतांत गाडी सकाळीं आठास बोलाविलेली असते. घड कापणारी टोळी दहास येते, मग फण्या सुटतात, मध्येंच ट्रॅक्टर बांधाशीं रुततो, आणि गाडी रात्रीं हलते. दिल्लींत दिवसा मालमोटारींस शहरांत शिरण्याची मनाई असते. आझादपूरच्या मंडईंत पहांटेपूर्वीं गाडी लागली तर ठीक. दोन तास चुकले, तर सबंध दिवस शहराबाहेर उभें राहावें लागतें. तोंवर आपल्याकडे यावयाचा माल दुसऱ्याच्या गाडींत चढलेला असतो. सालअखेर बेरीज केली, तों आमच्या केळीच्या गाड्या जितके दिवस चालल्या, जवळजवळ तितकेच दिवस नुसत्या उभ्या होत्या. थोरल्यांनीं वही मिटली आणि ते जेवणास उठले. त्या रात्रीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं.

खोटीनें केवळ आमचेंच नुकसान होतें, असें नव्हे. केळें तोडल्यावरही श्वास घेतें, त्याची ऊब गाडीच्या मध्यभागीं सांठते, आणि वैशाखांत तर फळ वाटेंतच पिकूं लागतें. २०२५ च्या मे महिन्यांत आमच्या एका गाडीचा पाटा ग्वाल्हेरच्या अलीकडे तुटला. दुसरा मिळेपर्यंत एक रात्र व एक दिवस गेला; मंडईंत ताडपत्री उघडली, तों मधल्या थरांस पिवळी झांक आली होती. भाडें कापलें गेलें. त्याच व्यापाऱ्यानें पुढील खरेदींत त्या शेताचा भावही उतरविला, हें आम्हांस मागून कळलें. शेतकऱ्याचा त्यांत कांहींच अपराध नव्हता.

आतां आमचा अपराध सांगितला पाहिजे. वेल्हाळ्याच्या राखेच्या तळ्यावर आमचा टिपर भरतो. आश्विनांत, कापूस फुटण्याच्या ऐन दिवसांत, रस्त्यालगतचे एक शेतकरी मूठभर बोंडें घेऊन आमच्या दारीं आले. कापसावर करडी पूड बसली होती. या रस्त्यानें पुष्कळ गाड्या जातात, असें आम्हीं प्रथम म्हटलें. ते कांहीं न बोलतां टिपरापाशीं गेले आणि फाटक्या ताडपत्रींतून हात घालून दाखविला. आम्हीं भरपाई दिली, नवी ताडपत्री घेतली, राख भिजवूनच भरावयाची असा नियम केला. पैसे त्यांनीं घेतले; पण वाटेंत भेटले असतां रामराम अद्याप पूर्वीसारखा होत नाहीं.

नवी गाडी घ्यावी कीं नाहीं, हा वाद घरांत चालू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालमोटारींवरील वस्तु व सेवा कर शेंकडा २८ वरून १८ वर आला; आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींत ड्रायव्हरची केबिन वातानुकूलित असणें सक्तीचें झालें आहे. ही चैन आहे असें ज्यास वाटत असेल, त्यानें खानदेशांत मे महिन्याच्या भर दुपारीं इंजिनाशेजारीं तासभर बसून पाहावें. ड्रायव्हर मिळणें आधींच कठीण; जुन्या ड्रायव्हरांचीं मुलें या धंद्यांत येत नाहींत. म्हणून धाकट्यांचें म्हणणें, गाडी घ्यावी. थोरल्यांचें म्हणणें, असलेल्या गाड्या उभ्या राहत असतां सहावी कशास?

तूर्त, आपला माल स्वतः दिल्लीस पाठविणाऱ्या कांहीं बागाइतदारांशीं आमचें बोलणें झालें आहे. टोळी आदल्या रात्रींच ठरवून पहांटे कापणी लावावी; ज्या शेतांतून गाडी दुपारीं तीनपूर्वीं निघेल, त्यास आम्ही भाड्यांत सूट देऊं, आणि गाडी आमच्यामुळें उशिरा आली तर खोटी आम्ही भरूं. चौघांनीं होकार दिला. इतरांनीं हसून म्हटलें, टोळी आमच्या हातांत कोठें आहे? तेंही खोटें नाहीं. मृगबागेची कापणी लागेल तेव्हां अनुभव येईल. तोंवर सहाव्या गाडीचा बेत तहकूब आहे. जुन्या टिपराचें पासिंग फाल्गुनांत संपतें, त्याची तजवीज आधीं करावयाची आहे.