काचेवरचे बोट आणि हातातला माऊस
मोबाईल येतो म्हणजे संगणक येतो का? पालकांनी विचार करावा असा प्रश्न

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी संध्याकाळी कोणत्याही वस्तीतून एक फेरी मारा. घर पत्र्याचे असो की स्लॅबचे, उंबऱ्यावर बसलेले चार वर्षांचे लेकरू मोबाईलच्या काचेवर बोट सरकवताना दिसेल. त्याला अजून अ, आ येत नाही, पण हवे ते गाणे ते बरोबर काढते. आई कौतुकाने शेजारणीला सांगते, "पोरगं लई हुशार हाय बघ, आत्ताच समदं कम्प्युटर यायलंय त्याला."

या कौतुकात माया आहे, पण एक गैरसमजही आहे. मोबाईल चालवता आला म्हणजे संगणक आला, असे आपण धरून चालतो. हा गैरसमज किती महाग पडू शकतो ते पाहू.

दहा मिनिटांची किंमत

सन २०२३ मध्ये महाराष्ट्रात तलाठी भरती झाली. ४,६४४ जागांची जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा कागदावर नव्हती, संगणकावर होती. १०० प्रश्न, २०० गुण आणि वेळ दोन तास.

समजा, आपल्याच भागातील एक मुलगी आहे. आईवडील मजुरीला जातात. घरात एकच मोबाईल. त्यावरच तिने सामान्य ज्ञान वाचले, त्यावरच सराव प्रश्न सोडवले. अभ्यासात ती कोणाला हार जाणारी नाही. पहाटेची एस.टी. धरून ती परीक्षा केंद्रावर पोहोचते, खुर्चीत बसते आणि पडद्यावरच्या उत्तरावर सवयीने बोट ठेवते. काहीच होत नाही. पुन्हा दाबते, तरी काही नाही. मग शेजारचा पाहून ती माऊस धरते. बाण एकदा या कोपऱ्यात पळतो, एकदा त्या. हात थरथरतो, घाम फुटतो. सावरेपर्यंत दहा मिनिटे जातात.

आता हिशेब करा. दोन तासांत १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. दहा मिनिटे गेली म्हणजे आठ प्रश्न गेले आणि आठ प्रश्न म्हणजे सोळा गुण. जिथे एकेका गुणावर यादी खालीवर होते, तिथे सोळा गुण म्हणजे नोकरी असणे आणि नसणे यातील अंतर आहे. मुलगी अभ्यासात कमी पडली नाही, ती माऊसच्या सवयीत कमी पडली.

बोटाची युक्ती जुनीच

अनेकांना वाटते की बोटाने चालणारा पडदा हा नवा शोध आणि माऊस म्हणजे जुना. खरे तर दोन्ही एकाच काळातील आहेत. इंग्लंडमधील ई. ए. जॉन्सन या संशोधकाने रडारच्या कामासाठी बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना १९६५ मध्ये मांडली. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. पुढे १९८३ मध्ये एचपी कंपनीने टेबलावर ठेवायचा, बोटाने चालणारा संगणक बाजारात आणला. तो फारसा रुजला नाही. २००७ मध्ये आयफोन आला आणि बोटाने चालणारा फोन घरोघरी जाण्याची वाट मोकळी झाली. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज-८ काढून सगळे संगणक बोटाला सोयीचे करू पाहिले. जुने स्टार्ट बटण काढले, मोठमोठे चौकोन ठेवले. टेबलावर काम करणारी माणसे वैतागली. दुसऱ्याच वर्षी ते बटण परत आणावे लागले.

मोबाईलवर इतके यशस्वी ठरलेले बोट टेबलावर का अडले? उत्तर आपल्या कष्टकरी माणसाला पटकन कळेल. भिंतीला चुना देणाऱ्याला विचारा, हात वर धरून किती वेळ काम होते? खांदा भरून येतो. टेबलावरच्या संगणकाचा पडदा उभा असतो. त्याला बोट लावायचे तर दर वेळी हात उचलून पुढे न्यावा लागतो. पाच मिनिटे ठीक, पण आठ तासांची कारकुनी तशी होत नाही. मोबाईल आपण मांडीवर किंवा तळहातावर धरतो, माऊस धरताना हात टेबलावर टेकलेला असतो. म्हणून दोन्हींत थकवा कमी.

दुसरे कारण बोटाची जाडी. माऊसच्या बाणाचे टोक एका ठिपक्याएवढे असते. बोट मात्र ज्या जागी टेकवायचे तीच जागा झाकून टाकते. हिशेबाच्या तक्त्यातील बारीक चौकटीवर बोट ठेवले की शेजारची चौकट निवडली जाते. रोजमेळ लिहिणाऱ्याला हे परवडणारे नाही.

तिसरी गोष्ट आपल्या हातांची आहे. या काचेवर विजेचा एक सूक्ष्म थर असतो. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते, म्हणून बोट टेकताच त्या जागी फरक पडतो आणि यंत्राला जागा कळते. पण सिमेंट कालवून, विटा वाहून ज्यांच्या बोटांना घट्टे पडले आहेत, त्यांच्या कोरड्या बोटांना काच कधीकधी दाद देत नाही. ओल्या बोटानेही ती गोंधळते. अशा वेळी "मला अडाण्याला जमत नाही" असे म्हणून मागे सरणाऱ्या बापाला मुलांनी सांगावे की, दोष तुमच्या डोक्याचा नाही, काचेच्या रचनेचा आहे.

मग स्पर्श निरुपयोगी का?

मुळीच नाही. ज्या आजीने कधी पाटी हातात धरली नाही, ती नातवाचा फोटो बोटाने मोठा करून पाहते. माऊस शिकायला तिला आठवडा लागला असता. लहान मुलांना, हाताची हालचाल मोजकीच करता येणाऱ्या अपंग व्यक्तीला, दुकानाच्या गल्ल्यावर उभ्याने बिल करणाऱ्याला, शाळेत मोठ्या फळीवर आकृती काढणाऱ्या शिक्षकाला बोटाचा पडदा फार उपयोगी आहे. चित्र काढणारा किंवा गणिताची उदाहरणे पेनने पडद्यावर सोडवणारा विद्यार्थी असेल, तर त्यालाही. लॅपटॉपच्या कळांखाली जी गुळगुळीत पट्टी असते, तीही स्पर्शावरच चालते. तिथे हात टेकलेला राहतो, म्हणून ती टिकली.

मात्र एका ठिकाणी काच साफ हरते, ते म्हणजे टंकलेखन. आपल्या राज्यात लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीचा मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द असा वेग मागतात. हा वेग दहा बोटांनी, कळांकडे न पाहता येतो. कीबोर्डवर इंग्रजी एफ आणि जे या कळांवर बोटाने चाचपून पाहा, बारीकसा उंचवटा लागेल. तो बोटांना घर दाखवतो. काच सगळीकडे सारखीच सपाट, तिथे बोटांना घर सापडत नाही. दोन अंगठ्यांनी मोबाईलवर भराभर लिहिणारा मुलगा कचेरीतील कीबोर्डपुढे एकेक अक्षर शोधत बसतो, ते यामुळेच.

येथे आपल्या सीमाभागाच्या फायद्याची एक गोष्ट. इन्स्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात आणि ही मांडणी बहुतेक भारतीय लिप्यांना सारखीच आहे. मराठीचा 'क' ज्या कळेवर, तेलुगूचा 'क'ही त्याच कळेवर. बिलोलीच्या पलीकडे तेलंगण आहे. ज्याला दोन्ही भाषा येतात, त्याने मराठी टायपिंग नीट शिकले तर तेलुगूसाठी बोटे पुन्हा शिकवावी लागत नाहीत.

पालकांनी काय करावे?

मुलासाठी लॅपटॉप घ्यायचा विचार असेल, तर दुकानदार बोटाने चालणारा पडदा दाखवून भुलवील. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावे लागतात आणि काच फुटली तर दुरुस्तीही महाग. तोच पैसा ८ जीबी रॅम, एसएसडी आणि चांगल्या कीबोर्डवर घाला. सोबत तारेचा साधा माऊस घ्या. कारकुनी, हिशेब, टायपिंग आणि परीक्षेचा सराव यांना बोटाचा पडदा लागत नाही.

लॅपटॉप घेण्याची ऐपतच नसेल तर? तरीही मार्ग आहे. मोबाईलच्या दुकानात ओटीजी नावाची छोटी जोडणी थोडक्या पैशांत मिळते. ती लावून बहुतेक अँड्रॉइड मोबाईलला संगणकाचा माऊस किंवा कीबोर्ड जोडता येतो. माऊस जोडताच मोबाईलच्या पडद्यावर बाण उमटतो. रोज अर्धा तास या बाणाने सराव प्रश्न सोडवले, तर पंधरा दिवसांत हात बसतो.

सरावात तीन गोष्टी पाहा. पर्यायाच्या गोल खुणेवर बाण नेमका थांबतो का? उत्तर निवडल्यावर ते जतन करून पुढे जाण्याचे बटण दाबण्याची सवय लागली का? आणि चुकलेले उत्तर बदलता येते का? जेईई मेनसारख्या परीक्षेत आकड्यांची उत्तरेही पडद्यावरच्या कळांवर माऊसने टिचकी मारून भरावी लागतात, कीबोर्ड कामाला येत नाही. हे परीक्षेच्या दिवशी कळून उपयोग नाही.

आणखी एक सूचना. वस्तीतील अभ्यासिकेत, विहाराच्या खोलीत एखादा जुना, चालू स्थितीतला संगणक ठेवता आला तर दहा-बारा मुलामुलींची सोय होईल. नोकरीला लागलेल्या तरुणांनी घरात धूळ खात पडलेला माऊस-कीबोर्ड तेवढा आणून द्यावा. आठवड्यातून एक दिवस घड्याळ लावून, खऱ्या परीक्षेसारखी परीक्षा घ्यावी. मुलींना यात आधी बसवावे, कारण घरातला मोबाईल त्यांच्या हाती सर्वांत शेवटी येतो.

लेकरू काचेवर बोट सरकवते याचे कौतुक जरूर करा. पण ते शाळेत जाऊ लागले की त्याच्या हाती माऊसही द्या, दहाही बोटे कळांवर ठेवायला शिकवा. पहाटेच्या एस.टी.ने परीक्षेला निघालेल्या आपल्या लेकीचे सोळा गुण त्या खुर्चीत वाया जाऊ नयेत, एवढी तयारी आपल्या हातात आहे.