रानात चरलेला बोकड

आमच्या उस्मानाबादी शेळ्या उन्हं चांगली वर आल्याशिवाय सोडत नाही. दवानं ओल्या गवतावर जंतांच्या अळ्या वर चढलेल्या असतात. ऊन तापलं की त्या खाली उतरतात. निम्मं औषधपाणी तिथंच वाचतं.

शेळीला गवतापेक्षा झाडपाला प्यारा. बोर, बाभूळ, हिवर दिसलं की पुढचे दोन पाय फांदीला टेकवून ती कोवळा शेंडा खुडते आणि लगेच पुढच्या झुडपाकडे वळते. एका जागी ठरेल तर शपथ! दिवसभराच्या या भटकंतीनं अंग घट्ट होतं, चरबी बेताची राहते. मका-पेंडीवर बांधून वाढवलेला बोकड वजन लवकर धरतो हे खरं, पण त्यात चरबीचा वाटा मोठा. रानातलं मटण शिजायला जरा वेळ घेतं, रस्सा मात्र त्याचाच. (मी शेळ्यावाला, माझं मत एकतर्फी असणारच.)

धोका पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत चाऱ्यात. अधाशासारखा खाल्ला की आंत्रविषार होतो. रात्री उड्या मारणारं करडू सकाळी मेलेलं सापडतं. म्हणून लस पावसाळ्याआधीच टोचून घ्यायची.

मटणासाठीचे बोकड लहानपणीच खच्ची करतो, म्हणजे उग्र वास राहत नाही. बाजारात जाणता व्यापारी वजनाआधी तोंड उघडून दात बघतो. दुधाचे दात म्हणजे कोवळा. दोन दाती झाला की वर्ष उलटलं.

तुम्हीही दुकानात विचारत जा, बोकड चरलेला की बांधलेला. गिऱ्हाइकानं विचारलं तरच चारणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळतील.