राग ओळखा : घरातला एक जुना खेळ

आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा खेळ इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी खेळला गेला आहे. आकाशवाणीवर शास्त्रीय गायन लागायचे. निवेदक रागाचे नाव सांगण्याच्या बेतात आला की आजोबा रेडिओचा आवाज बारीक करत आणि गाणे सुरू झाले की पोरांना विचारत, "सांगा पाहू, कोणता राग?" उत्तर चुकले तरी कुणी रागावत नसे. "तुला तसं का वाटलं?" हा दुसरा प्रश्न मात्र चुकत नसे.

ती पोरे आता गावोगावी पांगली आहेत. खेळ मोबाइलवर पुन्हा जमू लागला आहे. रात्री जेवणे उरकली की ग्रुपवर कुणीतरी अर्ध्या मिनिटाची क्लिप टाकतो आणि बाकीचे राग ओळखतात. आमचाही असा एक ग्रुप आहे. काही वर्षे खेळल्यावर मला एवढे कळले की, या खेळात आजोबांचा पहिला प्रश्न उरला आणि दुसरा हरवला, तर कान तयार होत नाही, फक्त पाठांतर वाढते.

पाठांतर कसे शिरते ते पाहा. किशोरीताईंचे 'सहेला रे' हे शब्द कानी पडताच आपण 'भूप' लिहून मोकळे होतो. त्यासाठी एकही स्वर ऐकावा लागत नाही. जुन्या तबकड्या तर स्वतःच उत्तर फोडतात. १९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रणे झाली, तेव्हा गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगत असत. म्हणून क्लिप निवडणाऱ्याने निवेदन आणि बंदिशीचा मुखडा टाळावा आणि मधली आलापी घ्यावी.

खरी परीक्षा तिथे सुरू होते. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर आहेत. पेटीवर स्वर शोधून राग ठरवणारा इथे अडतो. भूपाचा वादी गंधार, तर देशकाराचा धैवत. भूप पूर्वांगात रमतो, गंधारावर विसावतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकार सकाळचा, त्याची वस्ती वरच्या स्वरांत आणि रिषभ दुबळा. मी एकदा देशकाराची क्लिप ऐकून ठामपणे 'भूप' लिहिले होते. स्वर बरोबर मोजले होते, पण गाणारा कुठे थांबतो आहे इकडे लक्षच नव्हते.

मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही तसेच आहे. तिन्हींत पंचम नाही, रिषभ कोमल आणि मध्यम तीव्र. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत राज्य करतात आणि षड्ज बराच वेळ हुलकावणी देतो. पूरियात जोर गंधार-निषादावर असतो. सोहनी तार षड्जाकडे झेपावते. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची मारव्याची एल.पी. पुष्कळांच्या संग्रही असेल. ती लावा आणि षड्जाची वाट पाहायला लावणे म्हणजे काय, ते ऐका.

आता थोडे यंत्राविषयी. व्हिडिओ कॉलवर हा खेळ खेळताना तंबोरा पुष्कळदा गायब होतो. सतत एकसारखा येणारा आवाज पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाट समजून ॲप तो गाळून टाकते. हे नुकसान किरकोळ नाही. भूपाच्या गंधाराला षड्ज मानून तेच पाच स्वर वाजवले तर मालकंस होतो. म्हणजे षड्ज कोणता हेच कळले नाही, तर मालकंसाचा भूप व्हायला वेळ लागत नाही. त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन गोंगाट कमी करण्याची सोय बंद करावी, किंवा क्लिप आधीच सर्वांना पाठवून ज्याने त्याने आपापल्या घरी ऐकावी.

दुसरी अडचण वेगाची. कॉलवर प्रत्येकाला आवाज थोडा मागेपुढे पोचतो, म्हणून 'आधी बोलेल त्याला गुण' हा नियम न्याय्य नाही. ग्रुपवर तर पहिले उत्तर दिसले की बाकीचे कान मिटतात. आमच्यात बेळगावच्या एक आजी आहेत. त्यांना टंकायला वेळ लागतो, त्यामुळे त्यांचे उत्तर नेहमी शेवटी येई आणि गुण शून्य. मग आम्ही नियम बदलला. उत्तर फक्त क्लिप टाकणाऱ्याला पाठवायचे, एक दिवसाची मुदत, रागाच्या नावाला एक गुण आणि कारणाला दोन. पहिल्याच आठवड्यात आजींनी बोलून पाठवले, "हा अडाणा. दरबारी असता तर गंधार असा घाईत सोडला नसता, आंदोलत ठेवला असता." आम्ही सगळ्यांनी दरबारी लिहिले होते. इतके दिवस हे ज्ञान आमच्यात बसलेले होते आणि आम्ही ते विचारलेच नव्हते.

कारण विचारण्याची ही रीत आपल्या परंपरेला नवी नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' हा ग्रंथ मराठीत लिहिला तो गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतूनच. १९१६ साली बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवण्यातही तेच पुढे होते आणि १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय उभे राहिले ते त्यांच्याच मार्गदर्शनाने. ज्या गावांत आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्याच गावांत ही प्रश्नोत्तरे रुजली.

तेव्हा आपण एवढेच करावे. आज रात्री घरातल्या एखाद्या मुलाला भूपाची एक क्लिप ऐकवा आणि लगेच देशकाराची. रागाचे नाव विचारू नका. "दोन्हींत फरक वाटला का, आणि कुठे?" एवढेच विचारा. नाव नंतर कुणीही सांगेल. 'कुठे' याचे उत्तर मात्र त्याचे त्यालाच ऐकून शोधावे लागेल.